तपासणीची बाटली

विद्यापीठाची ती बाई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हाच मी ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय. शिवणकाम करणाऱ्या बाईशी एवढं गोड कोण बोलतं हो? "विद्यापीठ आणि वस्ती, आपण भागीदार," म्हणाली. मागच्या खेपेलाही अशीच भागीदारी झाली होती. गल्लीसमोरचं मैदान 'आपलं दोघांचं' म्हणून कुंपण घातलं, आणि आता आमची पोरं फाटकाबाहेर उभी राहून यांचा खेळ बघतात.

या वेळी म्हणे पाणी तपासायचं. जुन्या पाइपांत शिसं असतं, ते पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतं. हे ती माझ्या सुनेच्या पोटाकडे बघत बोलली. सुनेला सातवा महिना. अहवाल येईपर्यंत घरच्या नळाचं पिऊ नकोस, असं तिला बजावलं. झालं! त्या दिवसापासून सून कामावरून फिल्टरच्या पाण्याचा कॅन आणायला लागली. एवढं ओझं घेऊन चालत यायची, मला बघवेना. अगं, तीस वर्षं मी हेच पाणी पितेय, मला काय झालंय?

घरोघरी एकेक बाटली वाटली. सकाळी उठल्या उठल्या नळाची पहिली धार त्यात भरायची. आज पाणी वाईट ठरवतील, उद्या घर राहण्यालायक नाही म्हणतील, परवा इथं त्यांचं वसतिगृह. मी काय दूधखुळी आहे? सून उठायच्या आत मी बाटली तिच्या कॅनमधून भरली आणि वर आमचा घरक्रमांक लिहिला. बाई न्यायला आली तेव्हा तिला वर चहासुद्धा पाजला.

काल दुपारी अहवाल आला. गल्लीतल्या बारा घरांपैकी अकरा घरांत शिसं. चोख निघालं ते एकटं आमचं. सून तर हरखूनच गेली. मी मनात म्हटलं, बघा, कशी जिरवली!

आज सकाळी मशीनवर बसले होते, तर मागच्या अंगणात बायकांचा गलका. जाऊन बघते तर इस्त्रीवाली, तिची जाऊ, न्हाव्याची बायको, सगळ्या बादल्या घेऊन रांगेत. आणि नळाशी माझी सून! "या, लाजू नका," म्हणत एकेकीचं भरून देत होती. "पाइप बदलेपर्यंत आमच्याकडूनच न्या. आई काही बोलायच्या नाहीत."

नळ बिघडलाय म्हणून सगळ्यांना पिटाळावं, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण न्हाव्याची बायको पायरीवर बसून तान्ह्याच्या दुधाच्या बाटलीत ते पाणी ओतत होती. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडाशी ते गेलं आणि माझी तीस वर्षांची खात्री कुठं पळाली कोण जाणे.

"थांब गं! नको पाजूस त्याला!" मी ओरडले. "तपासायला दिलेलं पाणी या नळाचं नव्हतं. मी कॅनमधलं भरलं होतं. आमचा नळ कुणी तपासलेलाच नाही."

इस्त्रीवालीनं बादली तिथंच उपडी केली. आता सगळ्या मिळून माझी खरडपट्टी काढतील असं वाटलं. काढावीच. लाजेनं मेल्यासारखं झालं मला.

सुनेनं नळ बंद केला. ओले हात पोटावर ठेवून ती माझ्याकडे वळली.

"आणि मला, आई?" ती म्हणाली. "काल रात्री जेवताना माझा पेला तुम्हीच याच नळावर भरून दिलात ना?"