देवघरातला पंप

मुंबईच्या एका जहाज कंपनीत सुट्या भागांचं कोठार माझ्या ताब्यात होतं. सात जहाजं, हजारभर खोकी आणि प्रत्येक खोक्याचं एक कार्ड. कार्ड बघून सही ठोकायची, खोकं उघडायचं नाही, हा माझा शहाणपणा. छप्पन सालच्या दिवाळीनंतर तो अंगाशी आला. एका जहाजाच्या वीज तयार करणाऱ्या इंजिनाचा डिझेल पंप गेला. कार्डावर एक पंप शिल्लक, खोक्यात नुसता भुसा.

त्यात सुएझ कालवा बंद. विलायतेचा माल आफ्रिकेला वळसा घालून यायला तीन महिने. साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत पंप आण, नाहीतर राजीनामा."

इंजिनावरची पाटी वाचली आणि आठवलं, हेच इंजिन जळगावला रतिलालशेठच्या कापसाच्या जिनिंग गिरणीत आहे. तिथले फिटर जीवरामनाना आमच्या असोदा गावचेच. मी गाडी पकडली.

कपाशीचा हंगाम नुकता लागलेला, फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग. अशा वेळी फिटरकडे जादा पंप मागणं म्हणजे लग्नघरात जाऊन चूल मागणं. शेठ म्हणाले, "जीवराम देत असेल तर ने." नाना मला घरी घेऊन गेले.

पंप देवघरात होता. गोदामात गंज चढतो म्हणून नानांनी तो घरी आणला होता आणि खंडेनवमीच्या पूजेनंतर त्यांच्या बायकोनं, भिकुअक्कांनी, तो उचलूच दिला नव्हता. दर शनिवारी मारुतीबरोबर त्यालाही तेल. नानांनी ते चिकट तेल रॉकेलनं धुतलं, तर आत गंजाचा ठिपका नाही.

"नाना, तुमचंच इंजिन बंद पडलं तर?"

"नही पडत. तू घेऊन जाय."

मी पंप उचलला, तशा अक्का म्हणाल्या, "थांब. लेक सासरी चालली, रिकामी कशी धाडू?" त्यांनी खणात तांदूळ आणि नारळ बांधून खोक्यात ठेवला. मला हसू आलं. शुक्रवारी जहाज सुटलं, माझी नोकरी वाचली.

फेब्रुवारीअखेर विलायतेचा पंप आला. तो घेऊन मी जळगावला गेलो. फाटकावरचा पहारेकरी उखर्डू म्हणाला, "उशीर केला भाऊ. संक्रांतीले इंजिन नऊ दिवस बंद व्हतं. शेठ नानाले सगळ्यायसमोर लई बोलले."

मी तसाच असोद्याला गेलो. "नाना, एक पत्र तरी टाकायचं."

"टाकलं असतं, त मंग तू काय केलं असतं? समुद्रात उतरला असता?" नाना हसत म्हणाले. "इंजिनावरचा पंप बिघडला त घासूनपुसून म्या तोच चालवला."

माझ्या एका न उघडलेल्या खोक्यापायी या माणसानं चारचौघांत बोलणी खाल्ली होती आणि मला कळूही दिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

अक्कांनी खोकं उघडलं. आत पंपाशेजारी नवा खण, तांदूळ आणि नारळ होता. मग अक्का पंप देवघरात त्याच जागी ठेवून म्हणाल्या, "लोटन, पाय धुय. माहेरी आलेल्याले जेवल्याबिगर जाऊ देत नही."

मी पाय धुतले आणि नानांच्या शेजारी जेवायला बसलो.