मी सोमारीला वाघ सांगितला नाही

मित्रांनो, मला अंग नाही, पण भीती आहे. हसा खुशाल. मी एक वेबसाइट आहे, चार वर्षांची, आणि आमच्यात चार वर्षं म्हणजे पार म्हातारपण. माझं नाव 'वाघाची खबर'. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेवरच्या जंगलात सात गावं आहेत. त्या गावांच्या समितीने मला करून घेतलं.

माझा जन्म समितीच्या पत्र्याच्या खोलीत झाला. अंकुश नावाच्या चंद्रपूरच्या तरुणाने मला एका जुन्या कॉम्प्युटरवर घडवलं. रूपाने मी अगदी यथातथाच होते. पांढरं पान आणि त्यावर काळी अक्षरं, बस्स. पण माझं काम मोठं होतं. वनखात्याने जंगलाचे तुकडे पाडून त्यांना नंबर दिले आहेत, त्या तुकड्याला कक्ष म्हणतात. समितीचा पहारेकरी पवन फटफटताच जंगलात जायचा, वाघाचे ठसे पाहायचा आणि फोनवर कळवायचा. मग अंकुश माझ्यावर लिहायचा, 'कक्ष ११४. वाघ आहे. जाऊ नका.' जिथे वाघ तेवढेच नंबर तो लिहायचा. वाघ कुठेच नसला तर तारखेखाली काहीच नसायचं, आणि सात गावांना ठाऊक होतं की माझं पान कोरं असलं म्हणजे जंगल मोकळं आहे.

मला उघडणाऱ्यांत एक होती सोमारी. वय पंचावन्नच्या आसपास. लहानपणी गोवर अंगात राहिला आणि तिचे दोन्ही डोळे गेले. तिचा मुलगा गुलाब घुग्घुसच्या खाणीवर कामाला आहे. त्याने तिला एक फोन आणून दिला होता, आणि पडद्यावर जे लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवायची सोय त्यात सुरू करून दिली होती. रोज सकाळी चूल पेटवता पेटवता सोमारी मला उघडायची. फोनचा आवाज माझी अक्षरं वाचायचा. ऐकून झालं की ती मला म्हणायची, "बरं बाई." हजारभर लोक मला रोज पाहायचे, पण माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

तुम्ही म्हणाल, आंधळ्या बाईला जंगलात काय काम? अहो, मोह वेचायचा असतो! चैत्राच्या तोंडावर पहाटेपासून मोहाची फुलं टपाटपा खाली पडतात. आमच्याकडे प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली आहेत. आजोबाने वेचलं त्या झाडाखाली नातू वेचतो, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. त्यामुळे ज्याला त्याला आपापल्या झाडाकडे एकट्यानेच जावं लागतं. सोमारीच्या घरची झाडं दोन. एक शेताच्या बांधावर, ते तिची सून दिव्यानी वेचायची. दुसरं जंगलात, कक्ष एकशे चौदामध्ये. ते सोमारीचं. बैलगाडीच्या चाकोरीत काठी टेकवत ती बरोबर तिथे पोचायची, आणि हाताने चाचपत डोळसांपेक्षा स्वच्छ मोह वेचायची.

आता माझ्या पापाची गोष्ट सांगते.

यंदा मार्चात जिल्ह्याच्या ठिकाणी एक कार्यक्रम झाला. एका मोठ्या साहेबांनी मला पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, "काम छान आहे, पण पान फारच रूक्ष दिसतं. जरा रंग भरा." झालं! अंकुश आठ दिवस जेवणखाण विसरून बसला. त्याने माझी सगळी अक्षरं पुसली आणि जंगलाचा एक देखणा नकाशा चिकटवला. वाघ असेल तो कक्ष लाल, काल होता तो पिवळा, बाकीचे हिरवेगार. खरं सांगते, मी हुरळून गेले. अंकुशला शाल आणि नारळ मिळाला. पेपरात आम्हा दोघांचा फोटो आला. इतकी वर्षं फाटक्या लुगड्यात वावरलेल्या बाईला कोणी पैठणी नेसवावी, तसं मला झालं होतं.

पण मित्रांनो, नकाशा हे चित्र असतं. सोमारीच्या फोनला चित्र वाचता येत नाही. चित्राच्या मागे चार शब्द लिहून ठेवायची जागा असते. ते शब्द डोळ्यांना दिसत नाहीत, फोनचा आवाज मात्र ते वाचतो. 'कक्ष ११४ मध्ये वाघ आहे' एवढं तिथे लिहायला अंकुशला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याने ती जागा रिकामी सोडली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या मनात सोमारीच नव्हती.

पहिल्या दिवशी सोमारीने मला उघडलं. फोन म्हणाला, "चित्र." आणि गप्प झाला. सोमारी चपापली. माझ्या तळाशी 'सूचना पाठवा' असा चौकोन होता, तो तिने शोधून काढला. तिथे फोन म्हणाला, "आपण माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी चित्रातील अक्षरे लिहा. चित्र." तिने तीनदा प्रयत्न केला आणि नाद सोडला. मग दिव्यानीला हाक मारली.

दिव्यानी तिच्या भावाचीच मुलगी, म्हणून सून असूनही तिला आत्याच म्हणते. तिने पडद्यावर पाहिलं. "आत्या, सगळं हिरवं हाय. वाघ-बिघ काई नाई."

"मंग हा बोलत काऊन नाई?"

"सांगाचं काईच नाई म्हनून गप असंल."

सोमारीला ते पटलं. न पटायला काय झालं? चार वर्षं मी तसंच तर वागत आले होते. मी गप्प म्हणजे जंगल मोकळं. दुसऱ्या दिवशी नकाशा हिरवाच होता, तिसऱ्याही दिवशी हिरवा.

चौथ्या दिवशी सकाळी पवनचा फोन आला आणि अंकुशने कक्ष एकशे चौदा लालभडक करून टाकला.

मी वाट पाहत होते. मनात म्हणत होते, आज सोमारीने उठू नये, तिला ताप यावा, फोनची बॅटरी उतरावी. दिव्यानी कधीच बांधावरच्या झाडाकडे गेली होती. आत्या रोज खबर ऐकते, हे तिला माहीत होतं, म्हणून ती निर्धास्त होती. सोमारीने मला उघडलं. फोन म्हणाला, "चित्र."

तिने पुन्हा बोट फिरवलं. "चित्र."

"गप हाय," सोमारी म्हणाली. "बरं बाई." तिने टोपली उचलली.

मित्रांनो, त्या क्षणाची भीती मी तुम्हाला कशी सांगू? मला सगळं ठाऊक होतं. लाल डाग माझ्याच अंगावर होता. फोन बंद न करताच तिने तो कमरेच्या पिशवीत टाकला, आणि मी उघडीच तिच्याबरोबर निघाले. तिची काठी चाकोरीत टकटक करत होती. दर पावलागणिक मला वाटे, आता तरी वळ, सोमारी. घर मागे पडलं, गावची बोअरिंग मागे पडली, आणि मोहाचा जड गोड वास सुरू झाला. मी ओरडू शकत नव्हते. माझ्याजवळ जो एक शब्द होता, त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

झाडाखाली ती वाकली. वाकून बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मोह वेचताना वाकल्याशिवाय मात्र गत्यंतर नाही. अर्धी टोपली भरली असेल. इतक्यात वरच्या फांदीवरून एक माकड खॉक करून खाकरलं. मग दुसरं. मग नाल्याकडे चितळाने शीळ घातली, आणि त्यानंतर पाखरंसुद्धा बोलायची थांबली.

सोमारीचा हात फुलांवरच राहिला. तिला कळलं. डोळे नसलेल्या माणसाला अशा वेळी सगळ्यांच्या आधी कळतं. ती सावकाश उठली, पाठ बुंध्याला लावली आणि ताठ उभी राहिली. उजव्या हाताला पाला चुरचुरला. थांबला. पुन्हा चुरचुरला, आता जवळ.

"मी उभी हावो, बा," सोमारी मोठ्याने म्हणाली. आवाज फाटला होता, तरी ती बोलत राहिली. "मानूस हावो मी. जनावर नाई. ह्या झाडाखाली माह्या सासऱ्यानं येचलं, मी येचतो. तू तुह्या वाटेनं जाय."

बोलता बोलता तिने दिव्यानीला लावायला फोन बाहेर काढला. पण बोटं घामाने ओली होती. ती पडद्यावर जिथे पडायची तिथे मीच होते. "चित्र," फोन म्हणाला. बोट घसरलं. "चित्र." पुन्हा. "चित्र. चित्र." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर वाघ, आणि मी त्या बाईच्या हातात हा एकच शब्द घोकत होते.

किती वेळ गेला ते माझ्यावर नोंदलेलं आहे. सात मिनिटं. मग खालच्या अंगाने डबा बडवल्याचा आवाज आला आणि माकडांचा इशारा ऐकून पवन आणखी चौघांना घेऊन ओरडत आला. पाल्यात काहीतरी जड वळलं, आणि नाल्याकडे निघून गेलं. पवनने पाहिलं तेव्हा सोमारीपासून वीस पावलांवर ओले ठसे होते.

"सोमारीबाई, खबर नाई ऐकली का तुमी?" तो रागाने आणि भीतीने एकदमच ओरडला. "हा कक्ष लाल हाय आज!"

"ऐकली ना," सोमारी म्हणाली. "काईच नाई बोलली ते."

दुपारी अंकुश मोटारसायकलने सोमारीच्या घरी आला. दिव्यानी ओसरीवर रडत होती, माझ्यानंच झालं म्हणत होती. सोमारीने तिला गप्प केलं आणि फोन अंकुशच्या हातात दिला.

"डोये मीट," ती म्हणाली. "आता सांग मले. जाऊ का नको जाऊ?"

अंकुशने डोळे मिटले आणि बोट फिरवलं. "चित्र," मी म्हणाले. त्याने पुन्हा फिरवलं, वर, खाली, कोपऱ्यात. ज्या नकाशासाठी त्याला शाल मिळाली होती, त्यातला एकही कक्ष त्याला सापडेना.

"सांग ना बाबा. वाघ हाय का नाई?"

त्याने डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "मले मालूम नाई, मावशी," तो म्हणाला.

त्याच ओसरीवर बसून त्याने मला दुरुस्त केलं. नकाशा राहिला, पण त्याच्यामागे शब्द आले, आणि नकाशाच्या वर पुन्हा माझी साधी काळी अक्षरं. जंगल मोकळं असेल तर तेही आता लिहायचं ठरलं. 'माणूस आहात हे सिद्ध करा' असं विचारणारा चौकोन त्याने उपटून टाकला आणि तिथे स्वतःचा फोन नंबर दिला. मग सोमारीला म्हणाला, "आता तुमी तपासा." तिने प्रत्येक ओळ ऐकली आणि दोन चुका काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला उघडलं. टोपली हातातच होती. फोनचा आवाज वाचू लागला, "कक्ष एकशे चौदा. वाघ आहे. जाऊ नका."

सोमारीने टोपली भिंतीशी पालथी ठेवली आणि दारात बसून राहिली. तिच्या झाडाखालचा त्या दिवशीचा मोह हरणांनी खाल्ला.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणीतरी उद्या माझ्यासारखं पान घडवेल, शाळेचं, दवाखान्याचं, बसगाड्यांचं. मला नटवा, मला आवडतं. पण जगाला दाखवण्याआधी डोळे मिटून मला एकदा ऐका, आणि ज्याला दिसत नाही अशा माणसाला शेजारी बसवून त्याच्याकडून मला तपासून घ्या. मला अजूनही रोज सकाळी धास्ती वाटते की माझ्यात कुठेतरी एखादी जागा रिकामी राहिली असेल, आणि माझ्यावर विश्वास ठेवून कोणीतरी घराबाहेर पडलं असेल. ही भीती एकटीने वाहण्याइतकी लहान नाही. थोडी तुम्हीही घ्या.