बटईची बोट

आमच्या पडेगावात नळाला पाणी आठवड्यानं येतं, आन् सरदारभाईच्या अंगणात तीन वर्षांपासून बोट उभी व्हती. नवा माणूस आला की आधी बोटीकडं बघायचा, मंग आजूबाजूला पाणी हुडकायचा, आन् मंग सरदारभाईकडं बघायचा.

सरदारभाई पैठणच्या धरणावर सरकारी बोट चालवायचा. सगळी नोकरी ह्या एकाच बोटीवर. साहेब लोकांना नाथसागर दाखवून आणायचं, परत काठाला लावायचं. बोट म्हातारी झाली, इंजिन जाम झालं, खात्यानं लिलावात काढली. त्याच साली सरदारभाई बी रिटायर झाला. बोली लावायला सगळे भंगारवाले, आन् हा एकटा. टेम्पोत घालून घरी आणली तव्हा त्याच्या बायकोला, हसीनाभाभीला, वाटलं मोठी पाण्याची टाकी आणली. दोन मिनिटं लई खूश व्हती.

तीन वर्षांत बोटीनं घरात जम बसवला. कोंबड्या आत अंडी द्यायच्या, वर पापड वाळायचे, पुढच्या कड्याला धुण्याची दोरी. मंग धाकट्या पोरीचं, राहतचं लग्न ठरलं. मांडव अंगणात घालायचा, आन् अंगणात बोट. हसीनाभाभीनं निकाल दिला, मी समोर व्हतो.

"पानी पे चलती दिखाओ तो रखो. नहीं तो फकिरा को दे दो."

फकिरा म्हंजे भंगारवाला. दर दोन-चार दिसाला यायचा, खरबुजाला मारावी तशी बोटीला टिचकी मारायचा, कान लावून ऐकायचा, आन् न बोलता निघून जायचा. मागच्या बाजूच्या ॲल्युमिनियमवर त्याचा डोळा व्हता. बाकीचं तो घणानं फोडणार व्हता.

सरदारभाई माझ्या दुकानात आला. आपलं पंप रिपेरिंगचं दुकान, दौलताबाद रोडला. तो बोलणारा माणूस नाय. एका जुन्या मोटारीवर बसला आन् म्हनला, "गयास, तिला तोडली ना, तर मी त्या अंगणात बसू शकत नाय."

मी म्हनलं, चहा घे.

बोट कधी उघडली नव्हती, मनात धाकधूक व्हती. उघडली आन् बरं वाटलं. साध्या बोटीला खाली पंखा असतो, हिला खाली कायच नाय. पोटाला जाळी. जाळीतून पाणी वर ओढायचं आन् मागच्या तोंडातून जोरात फेकायचं. पाणी मागं, बोट पुढं. म्हंजे हा पंपच की. फक्त विहिरीवर बसवायच्या जागी ह्यांनी त्याला सीट लावलेली.

इंजिनात डिझेल आन् रॉकेल ओतून ठेवलं. रोज पान्यानं हलवून बघायचो, हलायचं नाय. एक दिवस चाक केसभर सरकलं. सरदारभाई शेजारी बसलेला, तो उठला, बाहेर गेला, आन् फकिराला सांगून आला की आता येत जाऊ नको. फकिरा दुसऱ्या दिवशी बी आला.

पंपातलं इंपेलर, म्हंजे पाणी फेकणारं चक्र, दगड गिळून गिळून करवतीसारखं झालतं. ते चिकलठाण्याला एका लेथवाल्याकडं भरून, घासून आणलं. बेअरिंग ट्रॅक्टरचं बसलं. शाफ्टमधून पाणी गळू नये म्हणून दोरी भरली, विहिरीवरच्या पंपाला भरतो तीच. तळाच्या भेगांना फायबरचं कापड आन् रेझीन लावलं, त्याचा वास असा की कोंबड्या आपणहून घर सोडून गेल्या. सीटला लाल रेक्झिन घातलं. ते सरदारभाईनं सोता शिवलं, दोनदा उसवून.

शेवटी राहिलं मागचं तोंड. तिथं मी पंपवाल्याचं डोकं लावलं. आमच्याकडं पंप दुरुस्त करून दिला की शेतकरी आवाज ऐकत नाय, डिझेल बघत नाय. धार किती लांब पडती तेवढं बघतो. लांब पडली तर मिस्त्री चांगला. मी त्या तोंडाखाली पाचर मारून ते जरा वर उचललं. सरदारभाई म्हनला, हे सरळ असतं. मी म्हनलं, तू चालवायचं बघ, बसवायचं मी बघतो.

आता पाणी पाहिजे. दौलताबादच्या अलीकडं बद्रीनाथची मोसंबीची बाग हाय. त्याचे पंप मीच बघतो. बागेच्या वरच्या अंगाला शेततळं, प्लास्टिक टाकलेलं, काठोकाठ भरलेलं. जानेवारी चालू, आन् बागेला ताण दिलेला.

ताण म्हंजे काय, तर मोसंबीचं हिवाळ्यात पाणी तोडतेत. झाड तहानतं, पिवळं पडतं, पानं गाळतं. त्याला वाटतं आपलं काय खरं नाय. मंग पाणी दिलं की जीव खाऊन फुलतं. पण मधीच पाणी भेटलं तर झाड निवांत होतं. नुसती पालवी काढून बसतं, फूल येत नाय. वर्षाचा बहार गेला.

बद्रीनाथ म्हनला, आणा की बोट, ताण चालू हाय, तळ्याचं पाणी तसं बी नुसतं पडून हाय. त्याला बी हौस. जीप, बुलेट सगळ्यांच्या शेतात दिसती, बोट कुणाच्या शेतात नव्हती.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बोट नेली. मागून रिक्षात हसीनाभाभी, निकाल द्यायला. फकिरा बी आला, कोणी बोलावलं नव्हतं. बोट तळ्यात सोडली आन् ती तरंगली. एवढ्यावरच मी घरी गेलो असतो तर बरं झालं असतं.

तळं बोटीला लई लहान. सरदारभाईनं एक नजर टाकली आन् म्हनला, अशी सोडली तर डोळा मिटायच्या आत समोरच्या बांधावर चढंल. म्हणून पुढचं कडं दोरखंडानं ट्रॅक्टरला बांधलं. आधी इंजिन तापू द्यायचं, घासू द्यायचं, सोडायचं नंतर बघू.

सरदारभाईनं चावी फिरवली. इंजिन खोकललं, काळा धूर टाकला, बंद पडलं. परत फिरवली. धरलं. त्यानं दांडा पुढं सारला आन् मागून मांडीएवढी धार उठली. तळ्यावरून गेली, बांधावरून गेली, पल्याड गेली.

 बद्रीनाथनं टोपी मागं सारली आन् म्हनला, "गयासभाई, ह्याला म्हणतेत काम."

मी नुसती मान हलवली. जास्त बोलणं बरं दिसलं नसतं.

सरदारभाई स्टेअरिंगवर ताठ बसलेला. समोर ट्रॅक्टरचं मागचं चाक व्हतं, पण तो नाथसागर बघावा तसं बघत व्हता. मागं त्यानं एकदा बी पाहिलं नाय. आम्ही मागंच बघत व्हतो, पण धार निघती कशी ते. पडती कुठं ते बांधामुळं दिसत नव्हतं. आन् एरवी शेतात पाणी बागेकडं चाललं तर माणूस आडवत नाय, त्याला बरंच वाटतं, म्हणून ताणाचं कुणाच्या ध्यानात आलं नाय. नवं बसवलेलं इंजिन लगेच बंद करत नसतेत. चहा झाला. दुसरा झाला. तळ्याचं प्लास्टिक कमरेइतकं उघडं पडलं.

हसीनाभाभीचं मात्र समाधान नव्हतं.

"चलती किधर है? खडी है ये तो."

"बांधेली है," सरदारभाई म्हनला.

"मंग पंपच है ना ये."

तेवढ्यात बांधावर सारजाबाई उभी राहिली. बद्रीनाथची बायको. बागेचं खरं काम तीच बघती. पाय गुडघ्याइतके चिखलात भरलेले, चपला हातात. आवाज अजिबात चढवला नाय.

"बागेत पाणी कोणी सोडलं?"

बद्रीनाथनं तिच्या पायाकडं बघितलं. मंग धारेकडं. मंग माझ्याकडं. इंजिन बंद झालं तव्हा खाली बागेतून पाणी वाहायचा आवाज यायला लागला. बांधाजवळच्या झाडांच्या वळी तुडुंब भरलेल्या, झाडं मजेत उभी. खालच्या वळींपर्यंत पाणी पोचलं नव्हतं, ती झाडं अजून पिवळी.

मी म्हनलं, आता शिव्या बसतेत. पण बद्रीनाथ चिडला की हळू बोलतो. बोटीत उतरला, चावी काढून खिशात घातली. "बहार दिसंस्तोवर बोट हितंच राहील. बाग फुलली तर घेऊन जा. नाय फुलली तर मी सोता फकिराला देतो."

फकिरानं मान डोलावली. हसीनाभाभी लगेच कबूल झाली. अंगण मोकळं झालं, तिच्या हिशोबानं बोट चालली व्हती.

तिथून सरदारभाई रोज दौलताबाद रोडनं बागेत जायला लागला. झाडातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. जायचा, बोटीत गळून आलेलं पाणी डब्यानं काढायचा, मंग एकेका झाडासमोर उभा राहायचा. राहतचं लग्न झालं, मांडव मोठा पडला, जेवण चांगलं झालं. त्या मांडवात सरदारभाईनं नवरदेवाच्या बापाला बाजूला घेतलं. तो माणूस सोयगावकडचा, शेतीवाला. लोकांना वाटलं देण्याघेण्याचं काय राहिलं. ह्यानं विचारलं, कळी कशी ओळखायची. त्यानं नीट समजावून सांगितलं. सोयगावकडं कापूस, त्यानं कापसाची सांगितली. सरदारभाई पुढं दोन दिवस मोसंबीत ती हुडकत व्हता.

मंग बद्रीनाथनं राहिलेलं पाणी दिलं, आन् महिन्यानं बागेचा निकाल लागला. मला बी बोलावलं. जाऊन बघतो तर दोघांचं भांडण लागलेलं. बद्रीनाथ म्हणायचा बहार गेला. सरदारभाई म्हणायचा आला, वास घे. दोघं बी खरं बोलत व्हते. एक बांधाजवळ उभा व्हता, तिथं नुसती कवळी पालवी. एक खालच्या वळीत, तिथं झाड पांढरं झालेलं, पाय ठेवावा तिथं मधमाशी.

फकिरा बांधावर घण घेऊन बसलेला. बद्रीनाथ त्याच्याकडं बघायचा, मंग सरदारभाईकडं, आन् परत झाडाकडं. बोललेला शब्द त्याला मागं घेता येईना आन् पुढं बी नेता येईना. सरदारभाई तर बोटीत जाऊन सीटवर हात ठेवून उभा, जशी कुणी ती ओढून नेणारच हाय.

शेवटी सारजाबाई म्हनली, "निम्मा आला, निम्मा गेला. मंग बोट बटईनं ठेवा."

आमच्याकडं रान बटईनं देतेत. एकाची जमीन, दुसऱ्याची मेहनत, पीक निम्मं निम्मं. त्यात कुणाला समजवायला लागत नाय. दोघांनी लगेच ऐकलं. बद्रीनाथनं मागचा निम्मा मागितला, इंजिन आन् पंप. सरदारभाईनं पुढचा, स्टेअरिंग आन् सीट. दोघांना बी वाटलं आपण जिंकलो. फकिरानं विचारलं, मधून कापून देऊ का. त्याला सारजाबाईनं मागच्या बहाराची राहिलेली एक मोसंबी देऊन घरी पाठवलं.

पोळा झाल्यावर नाथसागर भरल्याची बातमी आली. मी मागच्या तोंडाखालची पाचर काढली, कुणाला न सांगता. बोट पैठणला नेली. धरणावरचे लोक सरदारभाईचे जुने सोबती, त्यांनी आधी बोट ओळखली, मंग सरदारभाईला. लाल सीटवर हसीनाभाभी आन् सारजाबाई बसल्या. इतक्या वर्षांत हसीनाभाभी त्या बोटीत पयल्यांदा बसत व्हती, ते बी पापड न घेता.

सरदारभाईनं दांडा पुढं सारला. ह्या खेपेला दोरखंड नव्हता. बोटीनं नाक उचललं आन् काठ मागं राहिला, बघता बघता लई मागं.  सरदारभाईची पाठ अशी दिसत व्हती की वीस वर्षं कमी झालेली.

बद्रीनाथ आपल्या निम्म्यात बसला, मागं तोंड करून. पुढं सगळा नाथसागर पसरलेला, तो बघेना. तो धारेकडं बघत व्हता. जाळीतून येती, तोंडातून जाती, पांढरी पडती, आन् खाली एक बी झाड नाय. बराच वेळ त्यानं सहन केलं. मंग वळून म्हनला, "सरदारभाई, जरा हळू. लई पाणी वाया चाललंय."

सरदारभाईनं ऐकलं नाय. त्याच्या निम्म्यात वारा लई व्हता.