उकळून उरलेलं

"तो डबा माझ्या ताईच्या स्वयंपाकघरातला आहे," त्याने सांगून टाकलं, तेव्हा प्रयोगशाळेच्या मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

तो काम करायचा त्या प्रयोगशाळेत डबा वृद्धाश्रमातून तपासणीला आला होता. सकाळी दुधातला भात खाल्ला आणि दुपार व्हायच्या आत निम्मा आश्रम उलट्या-जुलाबांनी आडवा झाला. तिथला स्वयंपाक त्याची थोरली बहीण करायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. ताईच्या ओट्यावर बसायच्या आधी माशीसुद्धा पाय पुसते, असं आश्रमातले म्हातारे म्हणत. आता भातात काही सापडलं तर तिचं काम जाणार होतं. काम गेलं तरी एक वेळ भागलं असतं. पण स्वच्छ हाताची म्हणून जे नाव होतं, तेही जाणार होतं.

काका, हे मी करते, तुम्ही घरी जा, असं मॅडम म्हणाल्या. नियमाने तेच बरोबर होतं. करा तुम्हीच, तो म्हणाला, पण बघताना मला शेजारी उभं राहू द्या. ताईला हे परक्याने सांगायला नको.

मॅडमनी भात घोटला, गाळला, त्याचं नितळ पाणी काढलं. प्लेटच्या बारीक खळग्यांत ते सोडलं आणि वर दुधाळ थेंब टाकले. त्या थेंबांत जंतूंचं विष पकडणारे कण असतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत प्लेटला धक्का लावायचा नाही. विष नसेल तर कण घरंगळत तळाशी जातात आणि टिकलीएवढा ठिपका होतो. विष असेल तर ते एकमेकांना चिकटतात, ठिपका होत नाही, नुसती साय पसरते. ठिपका की साय, एवढं बघण्यात त्याची नोकरी सरत आली होती.

संध्याकाळी बायकोने आडून आडून विचारलं, मॅडम चांगल्या आहेत ना हो, सांभाळून घेतील ना. तो ताटातलं चिवडत राहिला. तेवढ्यात ताईचाच फोन आला.

"रात्रीचा भात सकाळी दुधात घालून पुन्हा चांगला खळखळून उकळला होता मी. उकळल्यावर काय राहतं रे?"

काय राहतं ते त्याला ठाऊक होतं. जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही हटत नाही. तो एवढंच म्हणाला, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी प्लेट काळ्या कागदावर ठेवली. ताडून पाहण्यासाठी विष न पकडणारे साधे कण टाकलेल्या ओळीत ठिपके स्वच्छ उठले होते. शेजारच्या, विष पकडणाऱ्या कणांच्या ओळीत साय होती. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पुन्हा लावून बघू का, मॅडमनी हळूच विचारलं. हो म्हटलं असतं तर एक दिवस मिळाला असता.

"नको," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांच्या डॉक्टरांना आजच कळू द्या."

ताई घरीच होती. निकाल लागेपर्यंत येऊ नका, असं आश्रमाने कळवलं होतं. त्याचा चेहरा बघून तिनेच विचारलं, "भातच ना?"

त्याने मान डोलावली. मग तिच्या बोटावरच्या चिंधीबद्दल विचारलं. सुरी लागली होती, जरा पिकलंय, ती म्हणाली. त्या रात्री भात कशाने मोकळा केलास, त्याने विचारलं. हातानेच, नेहमीसारखा, झाकून ठेवला. तो एकेक सांगत गेला. बोटातून जंतू भातात गेले, रात्रभर उबेत वाढले, विष सोडत राहिले. सगळं ऐकून तिने विचारलं,

"कुणी गेलं नाही ना?"

"नाही. बरे होतायत सगळे."

मग तिने विचारलं, जेवलास का. तो नाही म्हणाला. ती सवयीने उठली, ओट्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. आजवर तिने चुलीजवळ कुणाला फिरकू दिलं नव्हतं, धाकट्या भावाला तर नाहीच. तिने स्टूल ओढलं, भिंतीला टेकून बसली आणि हात मांडीवर ठेवून दिले.

"तूच टाक काहीतरी," ती म्हणाली. "मीठ डावीकडच्या बरणीत आहे."

त्याने आधी हात धुतले. ती बघत होती.