बाईंचा चुकलेला सूर

गाण्याच्या बाईंना घाबरत नाही असं पोर त्यांच्या वर्गात शोधून सापडलं नसतं. सूर जरा हलला की बाईंची भुवई वर जायची आणि गाणारा पुढची ओळ विसरायचा. आज दुपारपासून बाईंनाच काही सुचत नव्हतं.

प्रसूतीच्या खोलीत त्यांची लेक दातओठ आवळून पडली होती. कळ आली की श्वास कोंडून धरायची, तोंडातून ब्र काढत नव्हती. आणि दर कळेला यंत्रावर बाळाचे ठोके एकशे चाळीसवरून शंभराच्या खाली घसरत होते.

"आवाज काढा," सिस्टर सांगून सांगून थकली होती. "गुणगुणा काहीतरी, लांब, खालच्या आवाजात. श्वास मोकळा झाला की बाळालाही बरं वाटेल. अजून दोन कळा बघू, नाहीतर डॉक्टर ऑपरेशनला घेतील."

बाईंनी लगेच गायला सुरुवात केली, अगदी चोख. लेकीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तुमच्यासमोर आवाज निघत नाहीये त्यांचा," सिस्टर हळूच म्हणाली. "जरा बाहेर बसता?"

बाईंना ते झोंबलं, कारण ते खरं होतं. लेक बारा वर्षांची असताना कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, सगळ्या वर्गादेखत, त्यांनीच तिला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून पोरीने घरात साधं गुणगुणलंही नव्हतं. बाईंनी कधी विचारलंही नव्हतं.

त्या उठल्या, तोच पुढची कळ आली. आकडा नव्वदवर आला. लेकीने त्यांचं मनगट घट्ट धरलं. बाईंनी पुन्हा सूर लावला. आवाज फाटला, घसरला आणि भलत्याच पट्टीत गेला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. सावरता आला असता, पण त्यांनी तो सावरला नाही.

लेकीने डोळे उघडले.

"आई, घाबरलीस?"

"फार घाबरले गं."

मग लेकीचा आवाज निघाला, जाडाभरडा, कुठल्याच सुरात न बसणारा. बाई जमेल तशा त्याच्या मागे गेल्या. शंभर. एकशे वीस.

"थांबू नका," सिस्टर म्हणाली. "दोघीही."

कळ ओसरली. बाईंना रडू आवरेना. "माझं चुकलं बाळा, तेव्हा मी तुला..."

"नंतर, आई. आली परत."

आणि आईची वाट न बघता लेकीने आधी सूर लावला.