नवा तक्ता

सहा मीटरवरच्या पिवळ्या पट्टीला चपलांची टोकं लावून बाबा उभे राहिले. "बोला मॅडम, कुठून वाचू?"

परवाना कार्यालयात चालकांचे डोळे तपासणं हे तिचं काम. घरच्या माणसाला सहकाऱ्याने तपासायचं असा नियम होता. पण सहकारी आठवडाभर रजेवर होता आणि बाबांच्या परवान्याची मुदत आजच संपत होती.

"सहावी ओळ," ती म्हणाली.

"म, ट, प, ग, न."

बाबा कुठेही अडखळले नाहीत. भिंतीवर मात्र होतं र, च, ल, ब, स. बाकावर बसल्या बसल्या ड्रायव्हर जुना तक्ता पाठ करतात, अशी तक्रार तिनेच केली होती, आणि सोमवारीच हा नवा तक्ता लागला होता.

"बाबा, सावकाश. सगळ्यात वरचं, मोठं अक्षर सांगा."

शाळेत तिला चौऱ्याण्णव गुण मिळाले तेव्हा 'बाकीचे सहा कुठे सांडलेस?' असं विचारणारा हा माणूस आता तळहाताएवढ्या अक्षरासमोर घाम पुसत होता.

"तक्ता बदललात वाटतं."

"कधीपासून दिसत नाहीये?"

"दिसतं गं. कडेकडेचं दिसतं. मधोमध डाग आहे, एवढंच."

"आणि गाडी?"

"तुझी आई सांगते ना. लाल, हिरवा, डावीकडे सायकलवाला. माझ्या वाटच्या शिव्यासुद्धा तीच देते." ते हसले, मग हसू आवरून म्हणाले, "तुला सांगितलं नाही. तू लगेच निकाल लावला असतास."

"आईला कळत नाही का, कोणीतरी मरेल?"

"तिला सगळं कळतं. तरी माझ्या मागे बसते."

आई खाली गाडीत बसली होती. आठवड्यातून तीनदा, एकोणीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात, तिचं रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागायचं. तिला वाटेत उलट्या व्हायच्या. दोन भाड्याच्या गाड्यांनी तिला अर्ध्या रस्त्यात उतरवलं होतं. तेव्हापासून बाबाच न्यायचे.

"एक सही कर, पोरी. बापासाठी नको, तिच्यासाठी कर."

"रस्त्यात शाळा आहे, बाबा."

"मग तू नेशील?"

तिला गाडी चालवता येत नव्हती. दोनच दिवस शिकवून 'हिच्या हातून सायकलसुद्धा धड चालायची नाही' असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं, आणि तिने ते मानलं होतं.

तिने 'अपात्र' हा शिक्का मारला. सही करताना पेन कागदात रुतलं.

बाबा कठड्याला धरून जिना उतरले. दोन मिनिटांनी खाली इंजिनाचा आवाज आला, आणि ती धावत सुटली.

गाडी फाटकाकडे वळत होती. ती समोर जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. बाबा सरळ तिच्याकडेच बघत होते. त्यांनी गिअर टाकला. बरोबर मध्ये उभं राहिल्यावर आपण त्यांना दिसणारच नाही, हे तिच्या लक्षात आलं. कडेला सरकलं तर दिसू. पण मग ते निघून जातील. ती हलली नाही.

"अहो! पोरगी!" मागून आई किंचाळली.

गाडी हिसका देऊन थांबली. बंपर तिच्या गुडघ्याला टेकला होता.

"लागलं? कुणाला लागलं?" बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यांचा आवाज फाटला होता. "बोल ना गं!"

"नाही लागलं, बाबा."

त्यांनी इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

"मला साडेबाराला पोचायचंय," आई म्हणाली. तिचे सुजलेले पाय समोरच्या सीटखाली नीट मावत नव्हते. "रडायचं ते रडा, भांडायचं ते भांडा, पण मला कोणीतरी न्या."

लेकीने भाड्याच्या गाडीसाठी फोन लावला.

"आजारी माणूस वगैरे नाही ना सोबत?" ड्रायव्हरने विचारलं. "सीट खराब करतात हो."

तिने आईकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही तिघं सहज निघालोय."