समोरून घेतलेली फिल्म

नऊ वर्षांपूर्वी आलेल्या एका जॉकीच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. आज रेसकोर्सच्या कठड्याशी उभं असताना त्यातलं एकच वाक्य डोक्यात घुमत होतं: ‘साहेब, समोरून घेतलेली फिल्म आपण पाहिली होती का?’

तेव्हा ते शर्यतीचे पंच होते. हरत चाललेल्या घोडीवर त्या जॉकीने शेवटच्या शंभर पावलांत हात सैल सोडले, तिसरा नंबर गेला. घोडीचा पाय दुखत होता, असं तो चौकशीत म्हणाला. बाजूने घेतलेल्या फिल्ममध्ये तसं काही दिसेना. तिघा पंचांनी बंदीच्या निकालावर सह्या केल्या आणि तो वर्षभर घरी बसला. समोरची फिल्म त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याने पाहिली. पुढचा डावा पाय टेकला की घोडी मान वर झटकत होती, म्हणजे पाय खरंच दुखत होता. त्यांनी फिल्म डब्यात परत ठेवली.

आज समोर भाची चालवत असलेला घोडा पाचवा होता. शर्यत हातची कधीच गेली होती, तरी तिचे हात थांबत नव्हते. घोड्याची मान वर झाली. पुन्हा झाली.

“सोड गं, सोड,” ते पुटपुटले.

“काय म्हणालात?” शेजारच्याने विचारलं.

“काही नाही.”

रेषा ओलांडून घोडा थांबला. भाची तबेल्याकडे येताना दिसली आणि ते जवळजवळ धावतच गेले.

“मामा, असं तोंड काय केलंय? पाचवी आले, मेले नाही!”

“त्याचा डावा पाय...”

“कळलं मला. वळणापासूनच.”

“मग हात का नाही सोडलेस?”

तिने हेल्मेटचा पट्टा काढला. “आमचे उस्ताद म्हणतात, घोडा रडला तरी रेषेपर्यंत रेटायचा. ते एकदा दया करायला गेले आणि वर्षभर घरी बसले. तुम्ही पंच होतात ना तेव्हा? ओळखत असाल.”

मोतद्दार घोड्याच्या पायावर गार पाणी सोडत होता. घोडा तो पाय जमिनीला टेकवत नव्हता.

“आणि शनिवारच्या शर्यतीत?”

“सूज उतरली तर हाच.”

“तो खाली कोसळला असता तर तू...”

“मामा, सगळ्याच घोड्यांचं कुठे ना कुठे दुखत असतं हो.” ती हसली.

“ऐक, तुझ्या उस्तादांचं...”

शर्यतीनंतरचं वजन द्यायला तिचं नाव पुकारलं गेलं. खोगीर काखेत मारून ती पळाली.

घरी त्यांनी उस्तादांना दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात माफी फार होती, दुसऱ्यात नियम. तिसरं छोटंच झालं: ‘होय, पाहिली होती, पण निकालानंतर. घोडी लंगडत होती. तुमचं बरोबर होतं, आणि मी गप्प बसलो. हे तुमच्या विद्यार्थ्यांना शनिवारच्या आत वाचून दाखवा. माझं नाव गाळू नका. त्यांच्यात माझी भाची आहे.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट अर्धं गेलं आणि हात तिथेच राहिला. भाचीचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

“आजोबा, टाकताय ना?” मागून एका बाईंनी विचारलं. “पोस्टमन आला बघा.”

“हो हो,” ते म्हणाले आणि त्यांनी पाकीट आत ढकललं.